उरलेली चकती

गॉगलवाला तिसऱ्यांदा आला तेव्हा मोठ्या बाईंनी त्याला बसायला स्टूलही दिलं नाही.

हा लग्नांचे व्हिडिओ काढणारा माणूस. गॉगल कायम कपाळावर, डोळ्यांवर कधी आलेला कुणी पाहिला नाही. त्यानं इथूनच दुरुस्त करून नेलेली लेन्स रुमालातून काढून काउंटरवर ठेवली आणि म्हणाला, "मोठ्या बाई, आता तुम्हीच सांगा मी काय करू. जवळ घेतो तेव्हा नवरीच्या पापण्या मोजता येतात. तिथे फोकस पक्का करतो आणि हळूहळू मागे येतो, तर अख्खा मांडव धुक्यात."

"धुक्यात लग्न लावायला त्यांना सांगितलं कुणी?"

"चेष्टा नका करू. मुलीच्या बापानं मला चार लोकांत विचारलं, तुम्ही शूटिंग करताय की बाष्पस्नान घेताय?"

मोठ्या बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी गिऱ्हाइकाला दिसू दिलं नाही. लेन्स उचलली, मागच्या बाजूनं अंगठा फिरवला. ह्या दुकानात लेन्सच्या बुडाला पकडीचे जे पत्रे असतात त्यांना कान म्हणत. तीन कान, चार कान, जाड कान, बारीक कान. बाईंना इंग्रजी नाव वाचता येत नव्हतं आणि मराठीही जेमतेम, शाळा दुसरीतच सुटलेली; पण कानांवरून अंगठा फिरला की कुठल्या कंपनीची लेन्स आणि ती कॅमेऱ्याला जोडायला कुठली कडी लागणार हे त्या डोळे मिटून सांगत. खिळ्याला टांगलेल्या कड्यांमधली एक काढली, लेन्सला चढवली आणि ती पंचाच्या तोंडाला लावली.

पंच म्हणजे दुकानातला काळा कॅमेरा. मोठ्या बाईंच्या यजमानांनी हे लेन्स दुरुस्तीचं दुकान टाकलं तेव्हापासूनची रीत अशी, की कुठलीही लेन्स येवो, ती कडीनं एकाच कॅमेऱ्याला लावायची, मागच्या खिडकीतून दूरचा लाल-पांढरा टॉवर बघायचा, आणि फोकसच्या शेवटच्या खुणेवर टॉवर लख्ख दिसला तर लेन्स बरी. दुरुस्तीआधी पंच, दुरुस्तीनंतर पंच. त्याच्यावर अपील नाही, म्हणून नाव पंच. अलीकडे पंच म्हातारा झाला म्हणून जुना मोडीत काढून सुनेनं नवा घेतला, पण खुर्ची तीच आणि मानही तोच.

"ये इकडे. बघ. टॉवरवरचा कावळा दिसतो का?"

गॉगलवाल्यानं वाकून बघितलं. जवळून बघितलं, मागे येऊन बघितलं. "दिसतो," तो पडलेल्या आवाजात म्हणाला.

"चोच दिसते?"

"चोच पण दिसते."

"मग निकाल लागला. नाचता येईना अंगण वाकडं. लेन्स ठणठणीत आहे, तुझा कॅमेरा दाखव कुणाला तरी."

"तोच घेऊन येतो ना उद्या. दोन्ही एकत्र लावून बघू."

"पाटी वाच."

भिंतीवर पाटी होती: कॅमेरा घरी ठेवा, फक्त लेन्स आणा. पूर्वी एका गिऱ्हाइकानं आपल्या कॅमेऱ्यावरचा जुना ओरखडा ह्या दुकानाच्या माथी मारला होता. त्या दिवसापासून परका कॅमेरा दुकानात घ्यायचा नाही, हा मोठ्या बाईंचा कायदा. गॉगलवाल्यानं पाटी वाचली, लेन्सकडे बघितलं, पंचाकडे बघितलं, आणि लेन्स तिथेच टाकून निघून गेला. दारात मात्र वळून म्हणाला, "तुमचा टॉवर आणि माझं लग्न, दोन वेगळ्या गावची दिसतात."

तो गेला आणि मोठ्या बाईंच्या तोंडातला विजय आंबट झाला. कारण असं बोलणारा तो एकटा नव्हता. महिन्यात पाच जण परत आले होते. पाचही लेन्स इथे लख्ख, आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेल्या की आंधळ्या. कुणाची बुरशी काढली होती, कुणाच्या आतल्या पात्यांना तेल लागलं होतं, कुणाची फिरती कडी अडकत होती. दुखणी वेगवेगळी, पण बरं झाल्यावरचं दुखणं सगळ्यांचं एकच. हे कसलं गौडबंगाल ते काही उमगेना.

पडद्याआड सून टेबलाशी बसली होती. लेन्स उघडायची तर तिची पद्धत ठरलेली. बर्फाचा ट्रे घ्यायचा, पहिला निघालेला स्क्रू पहिल्या खान्यात, दुसरा दुसऱ्यात, आणि लावताना उलटं मागे मागे येत जायचं. ट्रे रिकामा झाला की काम संपलं. सासऱ्यांनी हे तिला शिकवलं होतं. पोटच्या मुलाला शिकवलं नव्हतं, कारण मुलाचे हात म्हणजे फावडी. तो मालट्रक चालवायला लागला आणि सुखी झाला. सुनेचे हात मात्र असे, की चिमट्यात धरलेला मुंगीएवढा स्क्रूही निवांत झोपून राहील. आठ वर्षं ती ह्या टेबलावर होती.

"ऐकलंस ना?" मोठ्या बाईंनी पडदा सारला.

"ऐकलं."

"मग?"

"मला कळत नाही, आई. खरंच कळत नाही." सुनेनं चिमटा खाली ठेवला. "डोळे तपासून आले, डोळे चांगले आहेत. हात कापत असेल म्हणून चहा सोडला. प्रत्येक लेन्स मी दोनदा पंचाला लावून बघते. आणि अजून एक सांगू? हल्ली येणारी प्रत्येक लेन्स आधीच जरा बिघडलेली असते. टॉवरपर्यंत पोचतच नाही. प्रत्येकीच्या बुडातली एक चकती काढावी लागते, तेव्हा कुठे टॉवर दिसतो."

लेन्सच्या बुडाशी पितळेच्या चकत्या असतात, कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ. तेवढ्यानंही काचा पुढे-मागे होतात आणि नजर बदलते. सुनेनं काढलेल्या चकत्या एका पत्र्याच्या डबीत ठेवल्या होत्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधून, कुणाची ते लिहून. मोठ्या बाईंनी डबी उघडली. मोजल्या. अकरा.

"अकरा चकत्या उरल्या?" त्यांचा आवाज चढला. "ह्यांच्या हयातीत ह्या टेबलावर एक स्क्रू उरला नाही. उरलेली वस्तू म्हणजे चुकलेलं काम. भिंतीवर हे लिहायला हवं होतं, ते कॅमेऱ्याचं नंतर."

सून काही बोलली नाही. आणि तिचं हे न बोलणं मोठ्या बाईंना आवडलं नाही. भांडणारी सून घरात राहते. गप्प बसणारी मनातल्या मनात सामान बांधत असते. चार गल्ल्या पलीकडे चष्म्याचं मोठं दुकान होतं. तिथला मालक तिला सारखा बोलावत होता, काचा घासायला, नव्या यंत्रावर. गेल्या आठवड्यापर्यंत ती हसून टाळायची. आता टाळताना हसत नव्हती. आणि ती गेली की हे दुकान कॅमेऱ्याची टोपणं आणि पट्टे विकायचं उरणार, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी आले. निवृत्त माणूस, पक्ष्यांच्या मागे उन्हातान्हात फिरणारा. गॉगलवाला ओरडतो ते परवडतं. गुरुजी हळू बोलतात आणि ऐकणाऱ्याला उगाच अपराधी वाटतं.

"माझंच काहीतरी चुकत असणार," त्यांनी सुरुवात केली. "घार उडताना फोकस करायला वेळ नसतो हो, म्हणून मी फोकसची कडी शेवटपर्यंत फिरवून ठेवतो. वीस वर्षं तसंच करतोय. पण तुमच्याकडून साफ करून नेल्यापासून घार म्हणजे आभाळाला लागलेला डाग दिसतो."

"तुमचा कॅमेरा..." मोठ्या बाईंनी नेहमीचं वाक्य उचललं.

"मला तीच शंका आली. म्हणून मित्राच्या कॅमेऱ्याला लावली. शेजाऱ्यांच्या मुलीच्या कॅमेऱ्यालाही लावली. तिन्हीकडे डागच."

एका माणसाचा कॅमेरा वाईट असू शकतो, पाच जणांचे असू शकतात असंही मोठ्या बाईंनी मनाला पटवलं होतं. पण आता शेजाऱ्यांच्या मुलीचासुद्धा? गावातले सगळे कॅमेरे एकदम बिघडायला काय साथ आली होती? त्यांनी गुरुजींची लेन्स पंचाला लावली. टॉवर लख्ख. गुरुजींनी बघितलं आणि स्वतःवरच नाराज झाल्यासारखे म्हणाले, "इथे तर छान दिसतं. राहू द्या, मीच आता म्हातारा झालो."

"तुम्ही कसले म्हातारे, मी आहे ना," बाई म्हणाल्या, पण त्यात जोर नव्हता. गुरुजी लेन्स तिथेच ठेवून गेले.

दुपारी सून जेवायला वर गेली तेव्हा त्या एकट्याच खिडकीशी बसल्या. पंच बरोबर. सुनेचे हात बरोबर, हे त्यांना मनातून मान्य होतं, फक्त तोंडानं मान्य करायची सवय नव्हती. गुरुजी खोटं बोलणारे नाहीत. मग उरलं कोण? त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. उरला टॉवर.

टॉवर जवळ आला असेल तर? लांबचं म्हणून आपण जे बघतो ते लांबच नसेल तर? विचार डोक्यात शिरला आणि बसूनच राहिला. बाईंनी चपला घातल्या, पदर खोचला आणि उन्हातून पाऊण तास चालत टॉवरच्या फाटकाशी गेल्या. वॉचमन खुर्चीवर पेंगत होता.

"काय रे, हा टॉवर मध्यंतरी हलवला का?"

वॉचमननं एक डोळा उघडला. "मावशी, टॉवर आहे तो. गाय नव्हे."

"थोडासा तरी? रस्त्याच्या बाजूला?"

"पाणी देऊ का?"

"पाणी तुझ्या डोक्यावर ओत," असं म्हणून बाई परत फिरल्या. पण वाटेत त्यांना स्वतःचीच भीती वाटायला लागली. टॉवर सरकला का म्हणून विचारत फिरणारी बाई उद्या आणखी काय विचारेल? आपल्याला दिसतं ते खरं नाही, लोकांना दिसतं ते खोटं नाही. सगळेच बरोबर असतील तर चुकतंय कोण?

घामानं निथळत त्या दुकानात आल्या. सून टेबलाशी उभी होती. टेबल आवरलेलं होतं. चिमटे कापडात गुंडाळलेले, ट्रे धुऊन पालथा घातलेला. धुतलेला ट्रे बघून बाई पडद्याशीच थांबल्या.

"आई, मी चष्मेवाल्यांना हो सांगितलं. सोमवारपासून."

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायचं? माझ्या हातून लेन्स बिघडतायत आणि का ते मला समजत नाही. बाबांच्या नावाचं दुकान आहे. माझ्यामुळे बुडायला नको. चष्म्याची काच यंत्रावर घासायची असते, यंत्र चुकत नाही."

हिनं आता रडून दाखवलं असतं तर मोठ्या बाई विरघळल्या असत्या. पण ती शांत होती, आणि शांत माणसासमोर बाईंची जीभ नेहमी घसरायची.

"जा की! खुशाल जा. तिथे तुझ्या मागे मागे फिरून चुका झाकणारं कुणी नसेल, तेव्हा कळेल. आठ वर्षांत मी एकदाच काही पोटात ठेवलं, तेही आता राहत नाही. तू तो पंच साफ करायला उघडला होतास ना? त्याच्या तोंडातली चकती टेबलाखाली पडली होती! मला झाडताना सापडली. तू दातांच्या डॉक्टरकडे गेली होतीस. मी माझ्या हातानं चार स्क्रू काढले, चकती बसवली, स्क्रू लावले, आणि अवाक्षर बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हटलं. नाहीतर पंच तोंडात चकती नसलेला, तसाच बसला असता न्याय करत!"

सुनेनं पालथ्या ट्रेवर हात ठेवला. मग म्हणाली, "कोणती चकती?"

"कोणती म्हणजे? पितळेची."

"आई, पंच उघडला तेव्हा चार स्क्रू, एक कडी आणि एक चकती निघाली होती. ट्रेच्या सहा खान्यांत सहा वस्तू. सहाच्या सहा परत लावल्या. ट्रे रिकामा झाला म्हणूनच मी उठले."

"मग ती टेबलाखाली काय करत होती? फिरायला आली होती?"

"त्याच दिवशी बाबांची सुट्या चकत्यांची डबी माझ्या कोपरानं पडली होती. सगळ्या वेचल्या असं मला वाटलं." सुनेचा आवाज बारीक झाला. "एक राहिली असेल."

दोघींनी एकदम पंचाकडे बघितलं. तो आपला टेबलाच्या कोपऱ्यात, तोंडाला टोपण लावून, साळसूदासारखा बसला होता.

ट्रे पुन्हा सुलटा झाला. सुनेनं चिमटे उलगडले. पहिला स्क्रू, दुसरा, तिसरा, चौथा. कडी. मग तिनं चिमट्याच्या टोकानं एक चकती उचलली आणि सहावा खाना भरला. आणि चिमटा परत आत गेला आणि दुसरी चकती घेऊन वर आला. ट्रेमध्ये तिला ठेवायला खाना ठरलेला नव्हता. ती हवेतच राहिली.

मोठ्या बाई स्टुलावर बसल्या. गॉगलवाल्याला दिलं नव्हतं तेच स्टूल.

सुनेनं पंच एका चकतीवर बंद केला. गॉगलवाल्याची लेन्स त्याला लावली, फोकसची कडी शेवटच्या खुणेपर्यंत फिरवली आणि बाजूला झाली. बाईंनी वाकून बघितलं. टॉवर म्हणजे धुरकट काठी. कावळा कुठला, चोच कुठली. कडी केसभर मागे फिरवली, तेव्हा टॉवर लख्ख झाला.

"धुकं," बाई पुटपुटल्या. "मेला खरं सांगत होता."

आता सगळं उलटं उलगडत गेलं, ट्रेमधून स्क्रू परत काढावेत तसं. पंचाच्या तोंडात एक चकती जास्त होती म्हणून धडधाकट लेन्सही त्याला टॉवरपर्यंत पोचत नसे. सून समजायची लेन्स बिघडली आहे. मग ती लेन्समधली चकती काढायची, म्हणजे लेन्स पंचाच्या मापाची व्हायची आणि जगाच्या मापातून उतरायची. अकरा निरोगी लेन्स ह्या दोघींनी मिळून, मन लावून, दोनदा तपासून बिघडवल्या होत्या.

"तुम्ही मला तेव्हाच बोलला का नाहीत?" सुनेनं विचारलं.

"बोलले असते तर म्हणाली असतीस, सासू टोचून बोलते."

"रोजच बोलता की."

"ते रोजचं झालं. त्यात काही नसतं. हे खरं होतं, म्हणून नाही बोलले." बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "म्हणजे, खरं आहे असं मला वाटलं. आयुष्यात एकदा चांगुलपणा करायला गेले, आणि बघ काय करून ठेवलं. माझ्या अंगाला तो मानवतच नाही."

सुनेला हसू आलं की रडू, हे बाईंना कळलं नाही. तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं. तिकडे बघतच ती म्हणाली, "अकरा लेन्स परत आणाव्या लागतील. दोन इथे आहेत, नऊ बाहेर. आणि लोकांना सांगावं लागेल, काय झालं ते."

"सांगते मी. फोन दे. आकडे तेवढे मला दाबता येतात, तू नंबर वाच."

पहिला नंबर गॉगलवाल्याचा. तो पहिल्या घंटीलाच बोलला, "बोला मोठ्या बाई, आता काय, माझे डोळे दाखवायला सांगताय?"

"लेन्स इथेच आहे तुझी. उद्या ये. कॅमेरा घेऊन ये."

"आणि पाटी?"

"पाटी मी लिहिलेली नाही, लिहून घेतलेली आहे. ती उतरवते."

"चूक निघाली म्हणा की! कुणाची? सूनबाईंची ना? मी आमच्या हाताखालच्या माणसाला म्हटलंच होतं..."

टेबलावर सुनेचा चिमटा थांबला. पंचाची, असं म्हटलं तर चालण्यासारखं होतं. ते खोटंही नव्हतं. मोठ्या बाईंच्या जिभेवर ते अगदी टोकापर्यंत आलं होतं, आणि ह्या जिभेनं आजवर टोकाशी आलेलं काही परत नेलं नव्हतं.

"माझी," त्या म्हणाल्या. "तिच्या पाठीमागे मी पंचाला हात लावला. तिचं काम बरोबर होतं. आणि तुझ्या माणसाला हेही जाऊन सांग, आत्ताच्या आत्ता." आणि समोरचा काही बोलायच्या आत, "येताना गॉगल डोळ्यांवर घालून ये, जरा उपयोग होऊ दे त्याचा," असं म्हणून फोन ठेवला.

सुनेनं डबीतली पहिली चिठ्ठी सोडवली आणि गॉगलवाल्याची चकती वेगळी काढली.

"पुढचा नंबर सांग," बाई म्हणाल्या. "गुरुजींचा असेल तर जरा थांब, मला आधी पाणी पिऊ दे. आणि त्या चष्मेवाल्यालाही फोन लावू?"

"त्यांना माझी मी करीन. आधी ह्या अकरा होऊ देत."

"म्हणजे सोमवारी..."

"सोमवारपर्यंत अकरा होणार आहेत का, आई?"

मोठ्या बाईंनी बोटांवर हिशेब केला. रोज दोन धरल्या तरी होत नव्हत्या. त्यांनी तो हिशेब तोंडानं सांगितला नाही.

पंचाच्या तोंडातून निघालेली चकती अजून टेबलावर एकटीच पडली होती. सुनेनं ती उचलली, कागदाचा कपटा फाडला, त्यावर काहीतरी लिहिलं, दोऱ्यानं बांधलं आणि सासऱ्यांच्या डबीत टाकायच्या आधी बाईंसमोर धरलं.

"काय लिहिलंस?"

"वाचून नाही दाखवणार."

मोठ्या बाईंनी चिठ्ठी हातात घेतली, उजेडाकडे धरली, लांब नेली, जवळ आणली. दोन शब्द होते. पहिला छोटा, 'आईंचा'; दुसरा लांब, 'चां'नं सुरू होणारा. त्यांनी पुष्कळ वेळ बघून घेतलं.

"अक्षर बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि चकती आपल्याच हातानं डबीत टाकून झाकण घट्ट लावलं.